अदखलपात्र

फकिरा राठोडचा पुढचा दात पडला तो सव्वीस जानेवारीला, साऱ्या तांड्यादेखत, आणि तो पाडला हिरासिंगने. दुसऱ्या कोणी पाडला असता तर फकिराने दात खिशात टाकला असता आणि पुढे वर्षभर त्याची गोष्ट रंगवून सांगितली असती. पण हिरासिंग म्हणजे त्याचा चड्डीत नसल्यापासूनचा सोबती. दोघांच्या घरांमध्ये एकच भिंत. एकाच्या चुलीवर मिरचीची फोडणी पडली की दुसऱ्याच्या घरात शिंका सुरू व्हायच्या.

बोरीतांडा घाटंजीच्या रस्त्यावरून आत वळलं की लागतो. कापसाची शेवटची वेचणी आटपत आलेली असते, पोरं मोकळी असतात, म्हणून दर सव्वीस जानेवारीला तिथे कबड्डीचे सामने होतात. पोरांच्या अंतिम सामन्याआधी म्हाताऱ्यांचा एक सामना ठेवायची रीत आहे. त्याला बक्षीस वगैरे काही नसतं. मैदानात उतरलेली पोटं आणि कुरकुरणारे गुडघे बघून बाया तोंडाला पदर लावून हसतात, तेवढंच.

फकिरा उंच, हडकुळा. त्याचं काम चढाईचं. छातीत दम असा की 'कबड्डी कबड्डी' म्हणत तो समोरच्यांच्या हद्दीत शिरला की परत येईपर्यंत बघणाऱ्यांनाच धाप लागायची. मैदानाबाहेरही त्याचा दम तसाच होता. एकदा बोलायला लागला की मधे शिरायला फट सापडत नसे. हिरासिंग याच्या उलट. बुटका, रुंद, जेवढ्यास तेवढं बोलणारा. त्याचं काम पकडीचं. त्याच्या मिठीत सापडलेला गडी मध्यरेषा फक्त लांबून बघायचा. जवानीत या जोडीच्या जोरावर बोरीतांड्याने पार दारव्हा आणि नेरपर्यंत जाऊन सामने मारले होते. इतक्या वर्षांत दोघं कधी एकमेकांविरुद्ध खेळले नव्हते. यंदा पोरांना गंमत सुचली, त्यांनी चिठ्ठ्या टाकून संघ पाडले आणि दोघं दोन बाजूंना गेले.

तसं महिनाभरापासून दोघांचं बोलणं कमीच झालं होतं. हिरासिंगच्या पोरीचं, बबिताचं, साक्षगंध झालं तेव्हापासून. फकिराने स्वतःची समजूत घातली होती की लग्नाची घाई, वेचणीची घाई, माणसाला सवड होत नाही.

सामन्यात फकिरा चढाईला गेला. एका कोपऱ्यातल्या गड्याला हात लावला, दुसऱ्याच्या पोटरीला पायाचं बोट लावलं आणि वळला, तेवढ्यात हिरासिंगने मागून कंबर धरली. लोक उठून उभे राहिले. फकिरा हिरासिंगला ओढत मध्यरेषेकडे निघाला. जमिनीवर आडवा झाला तरी तोंड चालूच, कबड्डी, कबड्डी, कबड्डी. रेषा हातभर राहिली असेल. आणि हिरासिंगचा रुंद पंजा त्याच्या तोंडावर येऊन बसला. आवाज बंद झाला. पंच डोमाजी गुरुजींनी शिट्टी मारली, दम तुटला म्हणाले आणि फकिराला बाद दिला.

फकिरा उठला तेव्हा ओठातून रक्त येत होतं आणि तळहातावर मातीने माखलेला दात होता. त्याला 'फाऊल' म्हणायचं होतं. पुढचा दातच नसल्याने ते 'हाऊल' असं निघालं. लोक हसले. त्यांचं काही चुकलं नाही, कोणीही हसलं असतं. फकिराने हिरासिंगकडे पाहिलं. हिरासिंगने हात चड्डीला पुसले, पाठ फिरवली आणि आपल्या जागेवर जाऊन उभा राहिला.

त्या संध्याकाळी मानीबाईने नवऱ्यासाठी पातळ खिचडी केली. फकिरा ती ओट्यावर बसून खात होता आणि दर घासाला त्याची नजर शेजारच्या दाराकडे जात होती. हिरासिंग येईल, बसेल, काही बोलणार नाही, पण बसेल तरी. तो आला नाही. त्याच्या बायकोने भिंतीवरून ओठ कसा आहे ते विचारलं, मानीबाईने बरा आहे म्हणून सांगितलं, आणि फकिराने खिचडी अर्धी टाकून भांडं बाजूला सारलं.

यवतमाळला वकिली शिकणारा तांड्यातला विक्की सुट्टीवर आला होता. त्याने फकिराला सांगून ठेवलं की दात पाडणं म्हणजे कायद्याने गंभीर दुखापत, साधीसुधी गोष्ट नाही. मानीबाईला हे कळलं तेव्हा तिने नवऱ्याला एवढंच विचारलं की पोरीचं लग्न महिन्यावर आलंय आणि तिच्या बापावर गुन्हा नोंदवून तुम्ही मांडवात कुठल्या बाजूला बसणार? दुसऱ्या दिवशी सकाळी फकिराने डोक्याला रुमाल बांधला, दात कागदाच्या पुडीत घेतला आणि घाटंजीच्या जीपमध्ये जाऊन बसला.

पोलीस ठाण्यात टेबलावर उर्वशी नावाची शिपाई पोरगी होती. मूळची दारव्ह्याची. तिने खुर्ची पुढे सरकवली, पाणी दिलं, आणि सगळं सावकाश सांगा म्हणाली. सावकाश सांगणं फकिराला कधी जमलंच नव्हतं. तिने तो सगळा सामना ऐकून घेतला, दोन जुने सामनेही ऐकून घेतले. बाजूला बसलेल्या भीमराज हवालदारांनी मधेच विचारलं की पकडीच्या वेळी कोपऱ्यात कोण होतं, आणि मग त्यांनाच ओशाळल्यासारखं झालं. उर्वशी स्वतः पोलिसांच्या संघातून खेळायची. तोंडावर हात ठेवल्याचं ऐकलं तेव्हा तिची लेखणी थांबली.

"तोंड दाबलं? तो तं सरळसरळ फाऊल व्हय, काका."

"तेच म्हनून राह्यलो मी. आन् दात बी पाडला. विक्की म्हने, गंभीर दुखापत हाय."

उर्वशीने पुडीतला दात पाहिला. दात मोडला असेल तर विक्की म्हणतो ते बरोबर आहे, पण आधी दवाखान्यात तपासणी होईल, डॉक्टर काय लिहितात त्यावर पुढचं, असं तिने समजावलं. तिने चिठ्ठी दिली आणि फकिरा सरकारी दवाखान्यात गेला.

तिथल्या तरुण डॉक्टरने त्याच्या तोंडात बॅटरी मारली, मग पुडीतला दात उजेडात धरून फिरवून पाहिला.

"काका, हा दात तुमचा नाही."

"मंग कोनाचा?"

"बसवलेला आहे. नकली."

ते खरं होतं. मूळचा दात फार पूर्वी ऊस सोलताना गेला होता आणि हा त्याने अमरावतीला जाऊन बसवून घेतला होता. पण इतकी वर्षं तो त्या दाताने भाकरी मोडत, शेंगा फोडत, चार लोकांत हसत आला होता. दात आपला नाही हे फकिरा विसरूनच गेला होता. डॉक्टरने लिहिलं की आतून ओठ किरकोळ फाटला आहे, दोन दिवसांत भरेल.

तो कागद घेऊन फकिरा पुन्हा ठाण्यात आला. उर्वशीने कागद वाचला. हसू येऊ नये म्हणून तिने खालचा ओठ दाताखाली धरला, मग म्हणाली की आता ही साधी दुखापत झाली. असा गुन्हा अदखलपात्र असतो. आम्ही नोंद करू, तुम्हाला पावती देऊ, पण कोर्टाने सांगितल्याशिवाय पोलीस त्यात काही करू शकत नाहीत. वाटलं तर समोरच्याला बोलावून चार शब्द सांगता येतील.

फकिराला बाकीचं काही ऐकूच आलं नाही. तो एकाच शब्दावर अडला होता.

"अदखलपात्र म्हंजे? दखल घ्याव असं काई झालंच नाई?"

"तसं नाई, काका. तो कायद्याचा शब्द हाय."

"शब्द कायद्याचा असन. झालं तं माह्यासंगं नं."

हे त्याने भांडायच्या सुरात म्हटलं नाही. हळूच म्हटलं, बाजाराला येऊन काय घ्यायचं तेच विसरलेल्या माणसासारखं. उर्वशीने त्याच्याकडे जरा निरखून पाहिलं. तिने नोंद केली, पावती दिली, आणि सोमवारी या, मी हिरासिंग काकांनाही निरोप देते, असं सांगून त्याला जीपपर्यंत सोडायला आली.

मधल्या दिवसांत तांड्यात हीच चर्चा होती. कोणी फकिराच्या बाजूने, कोणी हिरासिंगच्या. पण मनापासून कोणीच कोणाच्या बाजूने नव्हतं. त्या दोघांना वेगवेगळं धरून बोलायची कोणाला सवयच नव्हती, त्यामुळे जो तो अर्धं बोलून थांबायचा.

शनिवारी डोमाजी गुरुजी आपल्या स्कुटीवरून फकिराकडे आले. निवृत्त होऊनही गुरुजी अजून पांढरा सदरा खोचून, गळ्यात शिट्टी अडकवून हिंडायचे. पोरांनी सामना मोबाईलवर उतरवून घेतला होता, तो गुरुजींनी घरी बसून पुन्हा पुन्हा पाहिला होता. ते ओट्यावर उभे राहूनच बोलले. तोंड दाबून दम तोडणं हा फाऊल आहे. आपण उभे होतो त्या कोनातून हात दिसला नाही. निर्णय चुकला. फकिरा बाद नव्हता. त्याच्या दोन्ही स्पर्शांचे गुण त्याच्या संघाला मिळायला हवे होते, ते आपण आता दिले आहेत.

"तरी बी आमी हरलोच असन," फकिरा म्हणाला.

गुरुजींनी मान्य केलं. गुण मिळवूनही फकिराचा संघ हरतच होता, फरक तेवढा कमी झाला. पण चूक ती चूक, असं म्हणून त्यांनी फकिराला नमस्कार केला. इतका शिकला-सवरलेला, सरळ माणूस, गावावरून गुण द्यायला आलेला. फकिराला संकोच वाटला. त्याने गुरुजींना चहा पाजला, शेतातल्या तुरीच्या शेंगा बांधून दिल्या, फाट्यापर्यंत पोचवून आला. पण परतताना पाहिलं तर छातीवरचा दगड होता तिथेच होता. कायद्याने आपल्या परीने दिलं, खेळाने आपल्या परीने दिलं, आणि तरी त्याचा हात रिकामाच होता. आपल्याला नेमकं काय हवंय तेच त्याला कळेना.

मानीबाईला कळत होतं. ती रात्रंदिवस त्या माणसाबरोबर संसार करत आली होती. तिने भाकरी थापता थापता सांगितलं की तुमचा दात दुखत नाही आणि ओठही दुखत नाही, तुम्ही रुसलाय. फकिरा म्हणाला, रुसायला आपण काय पोर आहोत? मानीबाई म्हणाली, पोरांचं बरं असतं, ती रुसली की काहून रुसली ते सांगतात तरी.

रविवारी सकाळी बबिता आली. फकिराला दोन मुलगे, दोघंही पुण्याकडे कंपनीत. मुलगी नाही. बबिता चालायला लागली ती या ओट्यावर, तिची पहिली वेणी घातली ती मानीबाईने, आणि कॉलेजला जायला सायकल हवी म्हणून बापाशी भांडायची वेळ आली तेव्हा तिच्या वतीने भांडला तो फकिरा. तिने आणलेला शिऱ्याचा डबा त्याच्यापुढे ठेवला. फकिराने तोंड भिंतीकडे फिरवलं. तिने सामन्याचं काढलं नाही, बापाचं काढलं नाही. एवढंच विचारलं की काका माझ्यावरही रुसले का. फकिरा म्हणाला, तुझ्यावर कशाला रुसू? मग खा, ती म्हणाली. तो खाईना, तेव्हा ती तिथेच बसून स्वतः खायला लागली, आणि डबा अर्ध्यावर आला तसा फकिराने हात पुढे केला. शिरा मऊ होता, तूप भरपूर होतं. खाता खाता त्याचे डोळे भरून आले. पुडीतला दात नकली निघाला तेव्हाही ते कोरडे होते. बबिता बघत राहिली.

सोमवारी दोघांना एकाच वेळी बोलावलं होतं. तांड्यावरून सकाळी एकच जीप निघते. फकिरा तीत बसलेला पाहून हिरासिंग मागे फिरला आणि चालत सडकेवर जाऊन बसची वाट बघत उभा राहिला. म्हणून फकिरा ठाण्यात आधी पोचला. उर्वशीने त्याला पुन्हा खुर्ची दिली. भीमराज हवालदार कागद लिहीत होते. बाजाराचा दिवस, बाहेर गर्दी, पण आत त्या वेळी दुसरं कोणी नव्हतं.

ती म्हणाली, "काका, माहा बी एकदा गुडघा गेलता खेळात. ज्या पोरीनं पाडलं तिच्याच घरी मी महिनाभर जेवली. खेळात लागलेलं मानूस मनात धरत नाई. तुमाले दात सोडून काय लागलं?"

फकिरा बोलायला लागला तो सामन्यापासूनच. मग एकदम थांबला आणि साक्षगंधाकडे गेला. त्याचं त्यालाही कळलं नाही.

बबिताचं साक्षगंध नेरकडच्या घराशी झालं. होणारे व्याही विठ्ठलराव मोठे टापटिपीचे गृहस्थ, कडक इस्त्री, मोजकं बोलणं. त्यांचे पाहुणे सतरंजीवर ताठ बसलेले. हिरासिंगला तर घामच फुटलेला. फकिराला वाटलं, बसलेल्या लोकांना जरा सैल करावं. त्याने दारव्ह्याच्या सामन्याची गोष्ट काढली, भर मैदानात हिरासिंगची चड्डी फाटली होती ती. तांड्यात ती गोष्ट सगळ्यांना पाठ होती, हिरासिंग स्वतः ती ऐकून दरवेळी हसायचा. फकिरा गोष्टीत निम्म्यावर आला होता, एक-दोन पाहुणे हसायलाही लागले होते. तेवढ्यात हिरासिंग सगळ्यांसमोर म्हणाला, चूप ऱ्हाय, तुले कोन विचारलं?

"एवढंच?" भीमराज हवालदारांच्या तोंडून निघून गेलं.

"एवढंच," फकिरा म्हणाला. मग म्हणाला, "मराठीत बोलला, साहेब."

हवालदारांना समजलं नाही. फकिराने सांगितलं. आम्ही दोघं आईच्या पोटातून आल्यापासून गोरबोलीत, आमच्या बंजाऱ्यांच्या बोलीत, बोलतो. भांडलो तर गोरबोलीत, शिव्या दिल्या तर गोरबोलीत. मराठी आमची बाहेरची भाषा. बाजारात बोलायची, जीपवाल्याशी बोलायची, तुमच्याशी बोलायची. त्याने मला गोरबोलीत शिवी दिली असती तरी मी हसलो असतो. पण पोरीच्या साक्षगंधात, ज्या पोरीला मी खांद्यावर फिरवलं तिच्या साक्षगंधात, तो माझ्याशी मराठीत बोलला. मी दारावर आलेला कोणी असल्यासारखा.

"तेवा मी काईच बोललो नाई," तो म्हणाला. "जेवलो, पान खाल्लं, घरी आलो. मग सामन्यात त्यानं तोंडच दाबलं."

उर्वशी काही लिहीत नव्हती. तिने वर पाहिलं तर दारात हिरासिंग उभा होता. किती वेळचा उभा होता कोण जाणे. चालून चालून त्याचा सदरा पाठीला चिकटला होता, बस काही मिळाली नव्हती. भीमराज हवालदारांनी उठून आपली खुर्ची दिली, पण तो बसला नाही.

उर्वशीने रीतीप्रमाणे विचारलं की सामन्यात तुम्ही यांच्या तोंडावर हात ठेवला का.

"हो. ठेवला."

"मुद्दाम?"

"मुद्दाम." बोलायची सवय नसलेला माणूस; प्रत्येक शब्द विहिरीतून ओढून काढावा तसा काढत होता. "तो जितंल म्हनून नाई. त्याचा आवाज आला का मले माहंच बोलनं आठवे. त्या दिवसापासून हेच चालू हाय. भिंतीपलीकडं तो खोकलला तरी आठवे. मी त्याच्या घरी जाऊ शकलो नाई. तो कबड्डी कबड्डी करत होता आन् मले वाटलं, हा आता थांबला पायजे. हात गेला."

त्याने उर्वशीच्या टेबलावर दोन्ही हात टेकले.

"तुमी लिवून घ्या. सामन्यातलं बी लिवा आन् साक्षगंधातलं बी लिवा. पयला गुन्हा तो हाय."

"त्याले कलम नाई, काका," उर्वशी म्हणाली. तिचा स्वर मऊ झाला होता. "ते आमाले लिवता येत नाई."

हिरासिंगने मान हलवली. मग तो फकिराकडे वळला आणि गोरबोलीत बोलू लागला. भिया, अशी हाक मारली त्याने, भावाला मारतात ती. त्यापुढचं उर्वशीला आणि हवालदारांना काही समजलं नाही. तो बराच वेळ बोलला. त्याच्या सबंध आयुष्यात इतकं सलग तो कधी बोलला नसेल. मधे त्याचा आवाज फुटला, तरी पुन्हा बोलला. फकिरा पंख्याकडे बघत होता. ज्याचं तोंड साऱ्या तालुक्यात बंद होत नाही असं म्हणतात त्या माणसाने अख्ख्या बोलण्यात एकदाही मधे शब्द टाकला नाही. शेवटी उठला, स्वतःची खुर्ची पुढे ओढली आणि हिरासिंगला खांद्याला धरून तीत बसवलं.

भीमराज हवालदारांना राहवेना, त्यांनी विचारलं, काय म्हणाले हे?

"जाऊ द्या, साहेब," फकिरा म्हणाला. "घरचं बोलनं हाय."

नोंद झालेली होती, ती पुसता येत नव्हती. तक्रारदाराला पुढे काही करायचं नाही, आपसात समजूत झाली, असं उर्वशीने खाली लिहून फकिराची सही घेतली. त्याने पावतीही परत द्यायला काढली. असू द्या तुमच्याकडेच, ती म्हणाली. मग दोघांना दरडावलं, पोलिसाचा आवाज काढून, की पुढल्या वर्षी पोरांनी चिठ्ठ्या टाकल्या तरी ऐकायचं नाही, खेळायचं तर एकाच बाजूने. हिरासिंग म्हणाला, गुडघे साथ देतील तर. फकिरा म्हणाला, मॅडम, तुम्हीच या पंच म्हणून. आमचे गुरुजी फार चांगले आहेत, पण शनिवारी निर्णय देतात.

दोघं बाहेर आले. बाजारात कोथिंबिरीच्या ढिगाऱ्यांमधून, ओरडणाऱ्या बांगडीवाल्यांमधून वाट काढत टपरीवर गेले. हिरासिंगने गरम भजी घेतली. फकिराला चावता येईना, तेव्हा हिरासिंग एकेक भजं मोडून, फुंकून त्याच्या कागदावर ठेवत गेला. बाजूला चहा पिणाऱ्या एका बाईने हिरासिंगला विचारलं, तुमचा भाऊ आजारी हाये काय? हिरासिंगने हो म्हटलं.

जीप भरायला वेळ लागला. मागच्या बाकावर, कांद्याच्या पोत्याला टेकून दोघांना कशीबशी जागा मिळाली. जीप सुटली आणि फकिराचं तोंडही सुटलं. महिनाभर साठलेलं होतं. डॉक्टरने दात माझा नाही म्हटलं तेव्हा मी काय म्हणालो, गुरुजींनी गुण कसा आणून दिला, जसा लग्नाचा आहेर, बबिताने शिरा कसा अर्धा स्वतःच खाल्ला, मानीबाई काय म्हणाली आणि तिचं म्हणणं कसं दरवेळी बरोबर निघतं, ही केवढी कटकट. दाताच्या फटीतून प्रत्येक 'स'ला शीळ वाजत होती. समोरची माणसं गोरबोली समजत नसूनही हसत होती. लग्नात नवरदेवाची मंडळी कुठे उतरवायची यावर आपलं काय म्हणणं आहे तिथपर्यंत तो पोचला आणि हिरासिंगने हूं म्हटलं नाही, तेव्हा त्याने मान वळवून पाहिलं.

हिरासिंग झोपला होता. तोंड उघडं, मान फकिराच्या खांद्यावर. डोळ्यांखाली काळं झालं होतं. भिंतीपलीकडे हाही इतके दिवस जागाच होता की काय, असं फकिराच्या मनात आलं. रस्ता खराब होता, खड्डा आला की हिरासिंगचं डोकं पोत्यावर आदळू पाहायचं. फकिराने हात मागून घेऊन ते डोकं धरून ठेवलं.

पुढे बसलेल्या म्हाताऱ्याने वळून विचारलं, काय भाऊ, गोष्ट काहून थांबवली?

फकिराने बोट ओठांवर ठेवलं. फाटा येईपर्यंत तो काही बोलला नाही. फाट्यावर मात्र हिरासिंगला हलवून उठवावं लागलं, कारण त्याच्या वजनाने फकिराचा हात पार मुंग्यांनी भरून गेला होता.